शिवेबाहेर काय टाकायचे : दृष्ट, करणी आणि उतारा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गोंदिया जिल्ह्यातल्या गावांतून मारबत निघते. काही गावांत तिला नारबोद म्हणतात. बैलांचा सण आदल्या संध्याकाळी झालेला असतो. आता घराघरांत साचलेले अनिष्ट गोळा करून गावाबाहेर नेण्याची पाळी असते. बांबू, कागद, माती आणि जुन्या फडक्यांची एक ओबडधोबड बाई उभी राहते. दाराशी लावलेल्या पळसाच्या डहाळ्या तिच्यासोबत निघतात आणि पोरेबाळे आरोळ्या ठोकत तिला शिवेपर्यंत पोचवतात. खोकला-पडसे, ताप, ढेकूण-मच्छर, पिकावरची कीड, सारे तिने सोबत न्यावे अशी त्या आरोळ्यांची मागणी असते. शिवेवर मारबत जाळली जाते किंवा टाकली जाते आणि माणसे घरी परततात. पूर्व विदर्भाच्या आणि त्याला लागून असलेल्या छत्तीसगड-मध्य प्रदेशाच्या याच पट्ट्यात दुसरेही एक काढून टाकणे चालते. करणी केल्याचा संशय घेऊन माणसाला मारहाण होते, त्याला वाळीत टाकतात, कधी त्याचा जीवही घेतात. दोन्ही ठिकाणी भाषा एकच असते: गावात काहीतरी वाईट शिरले आहे, ते बाहेर काढले पाहिजे. फरक इतकाच, की पहिल्या वेळी बाहेर जाते ती फडक्यांची बाई आणि दुसऱ्या वेळी हाडामांसाचे माणूस. या दोन कृतींमधली सीमारेषा नेमकी कुठे आहे, हा या अभ्यासाचा विषय आहे. माझ्या मते ती श्रद्धा आणि अंधश्रद्धा या शब्दांमध्ये सापडत नाही. संकटाला माणसाचे नाव दिले जाते त्या क्षणी ती ओलांडली जाते.

आधी मुलूख समजून घेऊ. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. त्याच्या उत्तरेला बालाघाट आणि पूर्वेला छत्तीसगड. सालेकसा आणि देवरी या तालुक्यांत जंगल आणि गोंड-हलबांची वस्ती मोठी, तर गोंदिया, आमगाव, तिरोडा, गोरेगाव या बाजूला धानाच्या बांध्या, बोड्या आणि मालगुजारीच्या काळापासून चालत आलेले तलाव. पोवारी, झाडीबोली, गोंडी, हलबी, हिंदी अशा कितीतरी बोली इथे एकाच बाजारात ऐकू येतात. त्यामुळे संकटाची शब्दसंपत्तीही सरमिसळ झालेली आहे. मराठीतली करणी, मूठ, भानामती आणि चेटूक इथे आहेत; छत्तीसगडातून टोनही, म्हणजे चेटकीण, आली आहे; उपाय करणाऱ्याला कोणी भगत म्हणतो, कोणी मांत्रिक, तर सीमेपलीकडे तोच बैगा किंवा गुनिया होतो. गावाच्या कडेला रोगराईची देवता मानलेल्या मातामायचे ठाणे असतेच. हे सारे आदिवासींपुरतेच आहे असे समजणे मात्र चूक ठरेल. शोरूममधून निघालेल्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधणारा, नव्या बंगल्यावर काळी बाहुली टांगणारा आणि अवसेला दुकानापुढे नारळ ओवाळून फोडणारा माणूस जिल्ह्याच्या शहरातलाच असतो. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील आपल्या चार खंडांच्या ग्रंथात रसेल आणि हिरालाल यांनी दृष्टीच्या आणि चेटकाच्या समजुती नोंदवल्या, त्या अनेक जातींच्या वर्णनांत विखुरलेल्या आहेत. ही भीती कोणा एका समाजाच्या नावावर चढवता येत नाही.

यातले सर्वांत घरगुती रूप म्हणजे दृष्ट काढणे. मीठ, मोहरी, लाल मिरच्या, तिकटीवरची चिमूटभर माती, कधी केरसुणीची काडी, हे मुठीत घेऊन बाळावरून उतरवायचे आणि चुलीत टाकायचे. मिरची जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असे समजायचे. या विधीत दोन गोष्टी विशेष पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे त्या वेळी पुटपुटली जाणारी यादी. तीत आल्यागेल्याची नजर येते, शेजारापाजाराची येते, भुताखेताची येते आणि घरच्या माणसांचीही येते. यादी इतकी ऐसपैस आहे की तिच्यातून कोणीच सुटत नाही, आणि म्हणूनच ती कोणालाच पकडत नाही. आईच्या कौतुकाचीही नजर लागू शकते असे मानणारी रीत दोषी शोधायला निघालेली नसते. दुसरी गोष्ट मिरचीची. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांचे पाय भारताच्या किनाऱ्याला लागल्यानंतरच ती इथे आली. म्हणजे आज ज्या रूपात दृष्ट काढली जाते, ते रूप फार तर चार-पाच शतकांचे आहे. कोणत्या तरी पिढीतल्या बायकांनी जुन्या सामग्रीत हे नवे तिखट मिसळले आणि विधी काही बाटला नाही. जी परंपरा मिरची स्वीकारू शकली, ती रक्ततपासणीही स्वीकारू शकते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

करणीची गोष्ट वेगळी. तिथे नुसते उतरवून भागत नाही. दुखणे हटत नाही, म्हैस आटते, लागोपाठ दोन मुले जातात, मग घरातले जाणत्याकडे जातात आणि एक प्रश्न विचारतात: कोणी केले? या प्रश्नाला वेडेपणा म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण त्याने काही साधत नाही. इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९३७ साली आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवर लिहिलेल्या ग्रंथात धान्याच्या कोठाराचे उदाहरण दिले आहे. खांबांना वाळवी लागते, कोठार कोसळते, आणि त्याच्या सावलीत बसलेली माणसे जखमी होतात. वाळवीने खांब पोखरले हे अझांदेंना पक्के ठाऊक असते. त्यांना कोडे पडते ते एवढेच, की याच माणसांवर, याच घडीला ते का पडावे? धानाच्या बांधीत राबणारा माणूसही हेच विचारतो. सगळ्यांच्या पोरांना ताप आला, मग माझेच का गेले? डॉक्टर तापाचे कारण सांगतो, पण ‘माझेच का’ याला त्याच्याकडे उत्तर नसते. मांत्रिकाकडे ते असते, आणि त्याची ताकद इथेच आहे. दुःखाला अर्थ देण्याची जी जागा रिकामी राहते, तिथे तो एक नाव ठेवतो. हे नाव बहुधा गावातल्या बलवंताचे नसते. एकटी विधवा, निपुत्रिक बाई, भाऊबंदकीत जमिनीचा वाटा मागणारी, बांधावरून भांडण झालेला म्हातारा, ज्याच्या मागे उभे राहायला कोणी नाही असे माणूस त्यासाठी सापडते.

या मुलखात ही रिकामी जागा वारंवार का निर्माण होते, याची काही कारणे थेट शरीरात आहेत. त्यांतले पहिले सिकलसेल. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत या रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. आईबाप दोघेही वाहक असले तर दोघांना काहीच त्रास नसतो, पण प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. बाळ जन्मते तेव्हा अगदी निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळून नेते. ते ओसरले की हातपाय सुजतात, पोर कळवळून रडते. सहा महिन्यांचे गुटगुटीत बाळ बारशाला, जत्रेला दहाजणांनी पाहिलेले असते आणि त्यानंतर ते आजारी पडते. दृष्टीच्या समजुतीला याहून चपखल पुरावा कोणता मिळणार? पुढे वेदनेचे झटके थंडीने, पाणी कमी पडल्याने, अतिश्रमाने उठतात. रोवणीच्या दिवसांत पावसात भिजत राबणाऱ्या तरुणाला एकाएकी असह्य कळा येतात, आठ दिवसांत त्या थांबतात आणि काही महिन्यांनी परत येतात. कोणीतरी मूठ सोडली आणि मागे घेतली असे वाटावे, अशीच या आजाराची चाल आहे. दुसरे उदाहरण मण्यार सापाचे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही बहुधा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते, श्वास कोंडतो. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी बोलू शकत नाही आणि अंगावर साधा ओरखडाही नसतो. ज्याने मण्यारीविषयी ऐकलेले नाही, त्याने याला करणी म्हटले तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही, त्याच्यापर्यंत न पोचलेल्या माहितीचा आहे.

हाच पेच जगात इतरत्र कसा सोडवला गेला, हे पाहिल्यावर आपले वेगळेपण स्पष्ट होते. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामीत अडकलेल्या आफ्रिकन लोकांमध्ये हूडू नावाची लोकजादू वाढली. आफ्रिकेतल्या आठवणी, स्थानिक मुळ्या-वनस्पती आणि बायबलमधली स्तोत्रे यांतून ती घडली. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने ‘म्यूल्स अँड मेन’ या १९३५च्या पुस्तकात तिची जिवंत नोंद केली. पुढे हॅरी हायट यांनी गोळा केलेल्या मुलाखतींचे पाच मोठे खंड १९७० ते १९७८ या काळात निघाले. तिथेही मीठ आहे, केरसुणी आहे, शत्रूच्या पावलाच्या ठशातली माती आहे. कोणी ‘बांधले’ असेल तर मीठ आणि वनस्पतींच्या पाण्याने स्नान करायचे आणि ते पाणी उगवतीकडे किंवा चौरस्त्यावर टाकायचे. आपल्या उताऱ्याची ही सख्खी बहीण वाटावी, पण ती वाढली कोर्टात जागा नसलेल्यांच्या घरी. ज्याला मालकाविरुद्ध तक्रारच करता येत नाही, त्याला मुळीच्या गाठोड्याचा आधार होता. गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की ज्याच्याकडे राबायला धाडले होते त्या क्रूर माणसापासून रक्षण व्हावे म्हणून सँडी जेंकिन्स या सोबत्याने त्यांना उजव्या अंगाला बाळगायला एक मूळ दिले होते. डग्लस यांचा त्या मुळावर फारसा विश्वास नव्हता; शेवटी त्यांनी त्या माणसाचा गळा धरला आणि त्यांच्या मते त्या झुंजीने त्यांचे माणूसपण परत मिळाले. हूडूतही आपसातल्या हेव्यादाव्यांसाठी तोडगे होतेच, तिला निव्वळ पीडितांचे शस्त्र म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही तिथल्या शापाचे एक टोक वर, सत्तेकडे वळलेले होते. आपल्याकडे करणीचा आरोप मात्र जवळजवळ नेहमीच खाली, दुबळ्याकडे वळतो. म्हणून विधींची सामग्री सारखी आहे एवढ्यावरून त्यांचा अर्थ सारखा ठरत नाही. त्यांचा रोख कोणावर आहे, हे पाहावे लागते.

महाराष्ट्राचा कायदाही नेमके हेच पाहतो, पण त्याच्याविषयीच्या वादात ही गोष्ट झाकली जाते. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम विधिमंडळाने संमत केला. त्यामागे अनेक वर्षांचे काम होते, नागपूरकडे प्रा. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२पासून हे बोलत आली होती. कायद्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये आहेत. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई पसरते, असे भासवणे हे त्यांतले एक. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे दुसरे, आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे तिसरे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. उलट पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, घरातले धार्मिक विधी हे सारे कायद्याने स्पष्टपणे बाजूला ठेवले आहे. मीठ-मोहरी उतरवणाऱ्या आजीला या कायद्याची भीती असण्याचे कारण नाही. शेजारच्या छत्तीसगडने २००५ सालीच टोनही प्रताडनेविरुद्ध कायदा केला आणि त्यात एखाद्या व्यक्तीला टोनही ‘ठरवणे’ हाच स्वतंत्र गुन्हा मानला. छळ नंतरचा, आधी नाव घेणे. माझ्या मांडणीला यापेक्षा नेमका आधार नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप विवेकवाद्यांकडून येईल, आणि तो वजनदार आहे. दृष्ट आणि करणी ही एकाच झाडाची फळे. आज मिरची ओवाळणारा उद्या शेजारणीकडे बोट दाखवणार नाही याची हमी काय? शिवाय उताऱ्यात गेलेला एक तास सर्पदंशात जीव घेऊ शकतो. दुसरा भाग मी पूर्ण मान्य करतो. मण्यारीच्या विषावर उतारा नाही, प्रतिसर्पविष आहे, आणि ते मिळेपर्यंतचा प्रत्येक क्षण मोलाचा आहे. तिथे ‘आधी मंत्र, मग दवाखाना’ याला कोणतीही सवलत देता येत नाही. पहिल्या भागाबद्दल मात्र माझे म्हणणे असे, की मूळ एक असले तरी वाढ एकाच दिशेने होते असे नाही. लाखो घरांत दृष्ट काढली जाते आणि तिथून कोणी कोणाला मारायला निघत नाही. आरोप जन्माला येतो तो दोघांच्या मध्ये तिसरा, नाव सांगण्याचे पैसे किंवा मान घेणारा माणूस उभा राहतो तेव्हा, किंवा जुने वैर आयतेच निमित्त शोधत असते तेव्हा. सगळ्याच विधींवर सरसकट हल्ला केला, तर ज्या आजीला आपल्या बाजूने उभे करता आले असते तिला आपण मांत्रिकाच्या अंगणात ढकलतो. अंधश्रद्धेवर कठोर प्रहार करणारे गाडगेबाबा स्वतः खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करत. लोकांना कळणारी शुद्धीची भाषा त्यांनी सोडली नाही. तिला खऱ्या घाणीकडे वळवले.

दुसरा आक्षेप श्रद्धावानांचा. करणीने माणसे खरोखर खंगतात, हे डोळ्यांनी दिसते, मग ती खोटी कशी? याला उत्तर म्हणून वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाचा १९४२चा लेख आठवावा. आपल्यावर मारक मंत्र टाकला आहे अशी ज्याची खात्री पटते आणि ज्याला आप्तांनीही मेल्यात जमा केले आहे, त्याचे शरीर भीतीनेच कोसळू शकते, असे त्यांनी मांडले. त्यांच्या स्पष्टीकरणातले तपशील पुढे वादग्रस्त ठरले, तरी भीती शरीराला आजारी करते हे आज कोणी नाकारत नाही. पण हे मान्य केले की दोष कोणाकडे जातो ते पाहा. तो शेजारच्या म्हातारीच्या मंत्राकडे जात नाही. ‘तुझ्यावर करणी झाली आहे’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जातो. घाव घालणारे शब्द त्याचे असतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. मारबत कोणाचे नाव घेत नाही असे म्हणता, मग ती बाईच का? लोक तिला पूतना म्हणतात. नागपुरात १८८०च्या दशकापासून निघणाऱ्या काळ्या मारबतीमागे भोसले घराण्यातल्या बांकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीची कथा सांगितली जाते. म्हणजे नाव आहे, आणि तेही बाईचेच. हा आक्षेप टाळता येत नाही. गावावरचे अरिष्ट बाईच्या रूपात पाहण्याची सवय आणि विधवेवर करणीचा आळ घेण्याची सवय या दोहोंत नाते आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण याच परंपरेने त्यावरची वाटही दाखवली आहे. नागपुरात मारबतीच्या सोबत बडगे नावाचे पुतळे निघतात, आणि त्यांत महागाई, भ्रष्टाचार, साथीचे रोग, सत्तेतले पुढारी असे दरवर्षी नवे विषय येतात. तिथे रोख वर वळतो, उघड्या रस्त्यावर, हजारोंच्या समोर, आणि ज्याच्यावर तो असतो तो उत्तर द्यायला समर्थ असतो. पुतळ्याचे रूप बदलता येते हे लोकांनी स्वतःच सिद्ध केले आहे. गोंदियाच्या गावांत मारबतीच्या जागी डासांच्या अळ्यांनी भरलेल्या डबक्याचा किंवा पैसे उकळणाऱ्या भोंदूचा पुतळा निघाला, तर परंपरेत मिरचीइतकीच ती भर पडेल.

विज्ञानाच्या बाजूनेही सावध राहायला हवे, कारण नाव घेण्याची खोड तिथेही शिरते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. गावोगाव तपासण्या होत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मुलाचा अहवाल आला की ‘सुनेच्या माहेरचे रक्त वाईट’ असे बोलले गेले, तर मांत्रिकाचे काम प्रयोगशाळेच्या कागदाने केले असे होईल. आजारी मुलाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून आलेले असते. दोघांपैकी एकटे कोणी हा आजार देऊच शकत नाही. हे गोंडीत, पोवारीत, झाडीबोलीत, घरातल्या सासूला समजेल अशा शब्दांत सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. दृष्टीच्या यादीत जशी सगळ्यांची नजर येते आणि म्हणून कोणावर आळ राहत नाही, तसेच हे ज्ञानही सर्वांना सामावून घेणारे असायला हवे.

मातामायचे ठाणे या दृष्टीने फार बोलके आहे. एके काळी देवीच्या रोगाची साथ आली म्हणजे गाव हादरत असे. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. १९८०मध्ये जग या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. लसीने रोग गेला, पण मातामाय गेली नाही. आजही तिच्यापुढे नारळ फुटतो, लग्नाआधी तिला आमंत्रण जाते. भीतीचे कारण संपल्यावर त्या जागी कृतज्ञता उरली. करणीच्या बाबतीतही असेच घडावे अशी अपेक्षा ठेवणे अवास्तव नाही. वेळेवर पोचणारे प्रतिसर्पविष, तपासलेले रक्त, हिवतापाचा योग्य उपचार आणि ‘माझेच का’ म्हणून रडणाऱ्या आईजवळ बसणारे कोणीतरी, इतके झाले तर नाव सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक घटेल. उतारे कदाचित राहतील, मारबतही निघत राहील. पुढील पाने वाचताना प्रत्येक विधीला एकच कसोटी लावावी अशी वाचकांना विनंती आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव मारबतीमागे शिवेपर्यंत जातो आणि मागे वळतो, तेव्हा जितकी माणसे गेली होती तितकीच घरी परत येतात. ज्या विधीनंतर गावातले एकही माणूस कमी होत नाही, त्याच्याशी बोलता येते. ज्याच्यानंतर एक घर रिकामे होते, तो कोणत्याही देवाच्या नावाने चालला असला तरी थांबवलाच पाहिजे.